मिक्सरवरच्या शब्दांची कुळकथा

मराठी घरात 'मिक्सर' म्हटलं की ओट्यावरचं वाटणाचं यंत्र आठवतं. त्यात घातलेलं खोबरं, मिरची, कोथिंबीर पुन्हा वेगळं ओळखू येऊ नये, हीच त्याची कसोटी. गाण्याच्या स्टुडिओतल्या मिक्सरचं काम नेमकं उलट आहे. वेगवेगळे ध्वनिमुद्रित केलेले गळा, पेटी, तबला आणि तानपुरा त्याने एकत्र आणायचे, पण प्रत्येकाची ओळख शाबूत ठेवून. मिक्सिंग शिकायला बसलेला नवशिका पहिल्या काही दिवसांत बहुतेक वेळा वाटणच करतो. सगळं मोठं, सगळं चमकदार, सगळं मधोमध. त्याला चूक दाखवायची तर मी आधी शब्दाकडे नेईन, कारण या यंत्रावरच्या जवळपास प्रत्येक बटणाचं नाव ते बटण काय करतं हे सांगून टाकतं. नाव परकं वाटतं म्हणून ते आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच.

'मिक्स'पासूनच सुरुवात करू. लॅटिनमध्ये 'मिस्केरे' म्हणजे मिसळणे आणि 'मिक्स्तुस' म्हणजे मिसळलेलं. हे विशेषण फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'मिक्स्ट' होऊन आलं. त्यातला शेवटचा 'ट' बोलणाऱ्यांना भूतकाळाचा प्रत्यय वाटला. मग तो बाजूला काढून 'मिक्स' हे क्रियापद घडवलं गेलं. म्हणजे मिसळलेली वस्तू आधी आली आणि मिसळण्याची क्रिया मागून. या 'मिस्केरे'चा आणि संस्कृत 'मिश्र'चा मूळ धातू एकच. फारसीतलं 'आमेख्तन' हेही त्याच घरातलं. 'मिश्र'चं प्राकृतात 'मिस्स' झालं आणि त्यातून मराठीला मिसळणे, मिसळ, सरमिसळ हे शब्द मिळाले. तेव्हा मिक्स आणि मिसळ हे अगदी खरे भाऊबंद आहेत.

इथे एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्या संगीतात 'मिश्र' हा शब्द घटक पुसून टाकण्याच्या अर्थाने कधी आलाच नाही. मिश्र पिलूत इतर रागांचे सूर डोकावतात, पण पिलू पिलूच राहतो. तालातली मिश्र जाती सात मात्रांची, आणि त्या सातातले तीन आणि चार वेगळे मोजता येतात, म्हणून तर तिचं नाव मिश्र. एकजीव करणे, कालवणे, घोटणे, विरघळवणे ही सगळी क्रियापदं मराठीत हाताशी असताना मिसळणे वेगळं उरलं आहे. आणि ज्यात फसवणूक आहे त्याला आपण 'भेसळ' म्हणतो. ध्वनिमिश्रणाची व्याख्या करायची झाली तर ती या शब्दांच्या मधल्या अंतरातच सापडेल.

आपल्याकडच्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत मात्र मिक्सिंगपेक्षा 'री-रेकॉर्डिंग' हा शब्द जास्त रुळला. परळच्या राजकमल कलामंदिरात बसून ज्यांनी कित्येक चित्रपटांचा ध्वनी सांभाळला, त्या मंगेश देसाई यांचं नाव पडद्यावर री-रेकॉर्डिस्ट म्हणूनच येई. शब्द अगदी रोखठोक आहे. संवाद, गाणी, पार्श्वसंगीत आणि आवाजांचे परिणाम वेगवेगळ्या पट्ट्यांवर असत. त्या सगळ्या एकदम चालवायच्या, हातांनी पातळ्या सांभाळायच्या आणि जे ऐकू येईल ते पुन्हा एकदा एकाच पट्टीवर मुद्रित करायचं. मिसळणं ही दुसऱ्यांदा केलेली नोंद होती. आज संगणकावर 'एक्स्पोर्ट' किंवा 'बाउन्स' दाबताना तेच घडतं.

'रेकॉर्ड'च्या पोटात तर हृदय आहे. 'रेकॉर्दारी' म्हणजे लॅटिनमध्ये आठवणं, मनात पुन्हा आणणं. त्यातला 'कोर' म्हणजे काळीज. संस्कृत 'हृद्' त्याचंच नातलग. नोंदीचा कागद आणि काळी तबकडी हे अर्थ नंतरचे. 'तबकडी'ही ऐकण्यासारखा शब्द आहे. अरबी 'तबक' म्हणजे ताट, त्याला मराठीने आपला लाडका 'डी' लावला आणि ग्रामोफोनची चकती घरची करून घेतली. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्गने गायिका गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण केलं तेव्हा मिक्सर नव्हता, मायक्रोफोनही नव्हता. एक मोठा कर्णा होता. कोणी कर्ण्याच्या तोंडाशी बसायचं आणि कोणी दोन हात मागे, हे ठरवणं म्हणजेच त्या काळचं मिश्रण. लांब आणि जवळ या दोनच गोष्टी हातात होत्या. ज्याला शिकायचंय त्याने आजही आधी याच दोन गोष्टी कानाने ओळखाव्यात असं मला वाटतं. बाकीचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे.

आता यंत्राकडे. सगळ्यात वरचं बटण 'गेन'. हा शब्द फ्रेंचमार्गे आला, पण त्याचं मूळ जर्मानिक आहे आणि तिथे त्याचा अर्थ रानात चारा किंवा शिकार शोधणं असा होता. त्यातून कमाई, मिळकत, लाभ. मायक्रोफोनकडून येणारा विद्युतसंकेत फार क्षीण असतो. त्याला कामाच्या पातळीवर आणणं ही गेनची कमाई. संगणकावर काम करताना गायकाची सरासरी पातळी उणे १८ डेसिबलच्या आसपास ठेवावी आणि सर्वात उंच स्वरही उणे ६ च्या खाली राहावा. वर शून्य आहे, आणि शून्याला माथा टेकला की ध्वनीचा शेंडा छाटला जातो. त्याला 'क्लिपिंग' म्हणतात, म्हणजे कात्रीने कापणं. गेन आणि आवाज वाढवण्याचं बटण एकच, अशी समजूत नवशिक्यांमध्ये सरसकट दिसते. पण गेन येणाऱ्याचा, फेडर जाणाऱ्याचा.

'फेडर' म्हणजे खालीवर सरकणारी पट्टी. फ्रेंचमधलं 'फाद' हे विशेषण बेचव, निस्तेज अशा अर्थाचं आहे. त्यावरून इंग्रजी 'फेड', म्हणजे विटणं, फिकं पडणं. आपल्या 'फिका' शब्दाची चालही हीच आहे. फिका चहा आणि फिका रंग, चव आणि वर्ण दोन्ही एकाच शब्दात. (मराठी 'फेडणे' मात्र वेगळं. कर्ज फेडणं, नवस फेडणं, हा आपला जुना शब्द आहे आणि फेडरशी त्याचं उच्चाराच्या साम्यापलीकडे काही नातं नाही. शब्दांची कुळं लावताना कानाला गोड लागणारी अशी जुळणी आधी बाजूला काढावी लागते.) म्हणजे फेडर हे नाव मुळात वाढवण्यावरून पडलेलं नाही, फिकं करण्यावरून पडलेलं आहे. गळा ऐकू येत नसेल तर गळ्याची पट्टी वर ढकलण्याआधी पेटी थोडी फिकी करून पाहावी, हे नावातच लिहिलेलं आहे. पट्टीशेजारचे आकडेही नीट पाहावेत. शून्याजवळ खुणा लांब लांब असतात आणि तळाशी दाट. वर बोटभर सरकवलं तर तीन-चार डेसिबलचा फरक पडतो, खाली तेवढ्यातच वीस-तीस निघून जातात. म्हणून गेन असा लावावा की पट्टी शून्याच्या आसपास राहील. बारीक फरक करायला जागा तिथेच आहे.

'डेसिबल'मधला 'बेल' म्हणजे टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. तारेतून जाताना आवाज किती क्षीण होतो हे मोजायला अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या अभियंत्यांनी एक एकक केलं होतं. त्याला १९२८ मध्ये हे नाव मिळालं. बेलचा दहावा भाग तो डेसिबल, आणि 'डेसी'मागचं लॅटिन 'देकेम' आपल्या 'दश'चं सख्खं भावंड. 'व्हॉल्यूम'ची गोष्ट याहून लांबची आहे. 'वोल्वेरे' म्हणजे गुंडाळणं, वळवणं, आणि 'वोलूमेन' म्हणजे गुंडाळलेला लेख. त्यावरून ग्रंथ, ग्रंथावरून त्याचा आकार, आकारावरून घनफळ आणि अखेरीस आवाजाचं मोठेपण. आपलं 'वळणे' त्याच कुळातलं मानतात. रेडिओचं बटण वळवताना शब्द नकळत मुळाशी जाऊन येतो.

'पॅन'वर मी जास्त थांबत नाही, पण त्याचं मूळ गमतीचं आहे. हा 'पॅनोरमा'चा तुकडा. रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकाराने अठराव्या शतकाच्या अखेरीस एडिनबर्ग शहराचं गोल भिंतीवर चहूबाजूंनी चित्र काढलं आणि त्यासाठी ग्रीकमधून 'सर्व' आणि 'दृश्य' हे शब्द जोडले. डिस्नेच्या 'फँटेसिया' या १९४० च्या चित्रपटासाठी आवाज पडद्यावर एका बाजूकडून दुसरीकडे नेणारं साधन बनवलं गेलं. असं साधन म्हणजे पॅनोरमिक पोटेन्शिओमीटर, म्हणजेच 'पॅनपॉट'. बार्करच्या चित्रात प्रेक्षक मधोमध उभा असे. पॅन फिरवताना तोच प्रेक्षक म्हणजे ऐकणारा. बैठकीत गायक मध्ये, तानपुरे त्याच्या मागे दोन बाजूंना, एका हाताला तबला, दुसऱ्या हाताला पेटी, ही मांडणी शतकभर डोळ्यांना आणि कानांना सवयीची आहे. ती सोडून तबला पूर्ण एका कानात टाकायचा असेल तर तसं कारण हवं.

'इक्वलायझर' हा टेलिफोनच्या तारांवरून आलेला शब्द. लांबच्या तारेत उंच कंपनसंख्येचे स्वर अधिक झिजत. बोलणं बोथट होऊन पोचे. जे जितकं झिजलं तितकं परत देऊन आलेला आवाज निघालेल्या आवाजाच्या बरोबरीचा करायचा, म्हणून ते साधन 'बरोबरी करणारं'. नवशिका त्याच्याकडे मसाल्याचा डबा असल्यासारखं पाहतो, हे थोडं, ते थोडं वाढव. शब्दाचा मूळ हेतू दुरुस्तीचा आहे, तिथूनच सुरुवात करावी. गळ्याच्या ट्रॅकवर साधारण ८० हर्ट्झच्या खाली गाणं नसतंच. असते पायांची धमक आणि पंख्याची घरघर. ती कापली की डग्ग्याला मोकळी जागा मिळते. पेटी आणि गळा यांचं खरं भांडण मधल्या पट्ट्यात होतं, कारण दोघांचाही मुख्य मजकूर तिथेच आहे. तिथे पेटीचे दोन-तीन डेसिबल कमी केले तर गळ्याला हात न लावता शब्द स्पष्ट होतात. आणि २०० ते ४०० हर्ट्झच्या आसपास प्रत्येक वाद्य थोडं थोडं साचत गेलं की सगळं गाणं गढूळ होतं. तेव्हा तळाचा गाळ चार ठिकाणाहून थोडा थोडा उपसावा लागतो.

'कॉम्प्रेसर' म्हणजे दाबणारा, इतकं तर कळतं. अडतं ते त्याच्या 'थ्रेशोल्ड'पाशी. थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा. जुन्या इंग्रजीतल्या या शब्दाचा पहिला भाग तुडवण्याच्या क्रियेशी नातं सांगतो. म्हणजे पाऊल पडतं ती जागा. आपल्या उंबरठ्यात झाड आहे. संस्कृतात 'उदुंबर' म्हणजे उंबराचं झाड आणि घराचा उंबरठाही, दोन्ही अर्थ कोशात आहेत. स्टुडिओत 'थ्रेशोल्ड'च म्हणतात, पण शिकवताना मी 'उंबरठा' म्हणेन, कारण त्यात नियम स्पष्ट दिसतो. उंबरठ्याच्या आतल्या आवाजाला यंत्र हात लावत नाही. ओलांडून बाहेर पडलेल्यालाच दाबतं, आणि तेही जेवढा बाहेर पडला तेवढ्याच भागाला.

हिशोब करून पाहा. उंबरठा उणे २० वर ठेवला आणि प्रमाण चारास एक. गायिकेने तार षड्ज लावला आणि पातळी उणे ८ पर्यंत गेली. म्हणजे ती उंबरठ्याच्या १२ डेसिबल वर आहे. बाराचे चार भाग केले, एक भाग उरला, ३. तेव्हा बाहेर येणारी पातळी उणे १७. मुखड्याचे हळुवार शब्द उणे २४ वर असतील तर ते जसेच्या तसे. आधी दोघांत १६ डेसिबलचं अंतर होतं, आता ७. मग सगळंच थोडं वर उचलता येतं, आणि हळुवार शब्द तबल्याच्या खाली बुडत नाहीत. एवढं गणित एकदा कागदावर केलं की कॉम्प्रेसरची धास्ती जाते.

त्याच्याच 'अटॅक' बटणाचा अर्थ हल्ला असा घेऊ नये. तो शब्द इटालियन 'अत्ताक्कारे'तून आला, आणि 'अटॅच' हा त्याचाच भाऊबंद. भिडणं हा दोघांचा समान गाभा. उंबरठा ओलांडल्यावर यंत्र आवाजाला किती वेळात भिडतं, हा अटॅक. तबल्याच्या चाटेवरच्या 'ना'वर तो एक मिलिसेकंद ठेवून ऐका. सुरुवातीचा टणत्कार दाबला जातो आणि मागची आस तेवढी उरते. जणू तबला पडद्याआडून वाजतोय. तोच तीस मिलिसेकंदांवर नेला की बोटाचा आघात निसटून पुढे येतो आणि मग मागचं दाबलं जातं. वादकाचं बोट ऐकू यावं की नाही, हा निर्णय त्या एका बटणावर आहे.

आणि 'रिव्हर्ब'. लॅटिनमध्ये 'वेर्बेर' म्हणजे चाबूक किंवा छडी, 'रेवेर्बेरारे' म्हणजे उलट फटकारणं. आवाज भिंतीकडे जातो आणि भिंत त्याला मारून परत पाठवते. आपल्याकडे मात्र मारहाण नाही, घुमणं आहे. पारवा घुमतो. नवरात्रातल्या अष्टमीला महालक्ष्मीपुढे स्त्रिया घागरीच्या तोंडाशी फुंकर घालतात तेव्हा घागर घुमते. फारसी 'गुंबद' मराठीत आला तो 'घुमट' होऊनच राहिला. ज्या वास्तूत आवाज घुमतो तिच्या नावाला हे रूप शोभलंही. विजापूरचा गोल घुमट १६५६ मधला. त्याच्या आतल्या सज्जात उच्चारलेला शब्द पुन्हा पुन्हा परत येतो. गोव्यात 'घुमट' हे वाद्यच आहे. मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं. पूर्वी ते घोरपडीचं असे, आता कायद्याने ते बंद झालं असल्याने बकऱ्याचं लावतात. त्या घोरपडीच्या जातीला इंग्रजीत 'मॉनिटर' म्हणतात, मगर आल्याची ती सूचना देते अशा समजुतीवरून. स्टुडिओतले स्पीकरही मॉनिटरच, वर्गावर लक्ष ठेवणारा मुलगाही मॉनिटरच. सगळ्यांच्या मुळाशी लॅटिन 'मोनेरे' म्हणजे सावध करणं, भानावर आणणं, आणि ते आपल्या 'मन'च्या कुळातलं.

घुमणं बाहेरून आणून गाण्याला लावायची कल्पना जुनी नाही. अमेरिकेत ध्वनिअभियंता बिल पुटनमने १९४७ मध्ये एका ध्वनिमुद्रिकेसाठी स्टुडिओची न्हाणी वापरली. तिथे स्पीकर ठेवला आणि परत येणारा आवाज मायक्रोफोनने उचलला. जर्मनीत १९५७ मध्ये ईएमटी कंपनीने टांगलेल्या पोलादी पत्र्याचं यंत्र काढलं. पत्रा थरथरवून घुमारा मिळवायचा. ते यंत्र भरायचं पावणेतीनशे किलोच्या आसपास. आज त्याचीच नक्कल संगणकावर 'प्लेट' या नावाने मिळते. ज्यावर घुमारा नाही तो आवाज 'ड्राय', ज्यावर आहे तो 'वेट'. मराठीतही सपाट गळ्याला आपण कोरडा म्हणतोच. नवशिक्याने रिव्हर्बच्या 'प्री-डिले' या आकड्याकडे लक्ष द्यावं. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. प्री-डिले वीस मिलिसेकंद ठेवला म्हणजे पहिली परतफेड जवळपास सात मीटरचा जादा प्रवास करून आली, अर्थात भिंत साडेतीन मीटरवर. तेवढ्या वेळात शब्दातलं पहिलं व्यंजन स्वच्छ निघून जातं. भावगीताला हे फार लागतं, कारण तिथे शब्द बुडाला की गाणंच बुडालं.

चार ट्रॅकना एकच घुमारा द्यायचा तर ते सगळे एका 'बस'वर पाठवायचे. ही बस आणि एसटीची बस एकच. लॅटिन 'ओम्निबुस', सर्वांसाठी. १९४८ च्या जूनमध्ये पुण्याहून नगरला निघालेली पहिली एसटी सर्वांसाठी होती. विजेच्या फलकावर सर्व तारांसाठी असलेली धातूची पट्टीही बस, आणि मिक्सरमधली ती वाट तिच्यावरून.

शेवटचं बटण छोटं असतं, बहुतेकदा शून्यावर तिरकी रेघ मारलेलं. त्याला सगळे 'फेज' म्हणतात. ग्रीक 'फासिस' म्हणजे दिसणं, उगवणं. चंद्राची कला हा त्याचा जुना अर्थ, आणि मागचा धातू आपल्या 'भा', 'प्रभा'च्या कुळातला. डग्ग्याजवळ एक मायक्रोफोन आणि थोडा दूर दुसरा ठेवला की एकाच थापेच्या दोन लाटा वेगवेगळ्या वेळी पोचतात. एकीची भरती असताना दुसरीची ओहोटी आली तर दोन्ही मिळून डग्गा पोकळ होतो. हेडफोनवर हे लवकर कळत नाही. दोन्ही बाजू एकत्र करून, म्हणजे 'मोनो' करून ऐकलं की लगेच कळतं, आणि फोनच्या एका स्पीकरवर गाणं ऐकणाऱ्यालाही तसंच ऐकू जाणार असतं. काटेकोर बोलायचं तर हे बटण कला बदलतच नाही. ते लाटेचे ध्रुव उलटे करतं, अधिकाचं उणं आणि उण्याचं अधिक. कला खरोखर जुळवायची तर एक ट्रॅक काही मिलिसेकंद पुढे-मागे सरकवावा लागतो. तेव्हा मोनोत ठेवूनच बटण एकदा दाबावं, एकदा सोडावं आणि ज्या बाजूला डग्गा भरीव लागेल ती ठेवावी. दोन्हींकडे तो पोकळच राहिला तर ट्रॅक सरकवून पाहावा.